भरलेला दोर

"बाई, काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. एकदा दोर भरला की मी बोलनार न्हाय."

बुधा मोहळकड्याच्या माथ्यावर अंजनीच्या झाडाशी उभा होता. वाखाचा जाड दोर झाडाच्या बुंध्याला वेढा घेऊन त्याच्या कमरेशी आला होता आणि दोराचं दुसरं टोक लहानूच्या छातीला, काखेखालून बांधलेलं होतं. लहानू कड्याच्या काठावर पाय खाली सोडून विडी ओढत बसला होता, घरच्या ओट्यावर बसावं तसा. दोर भरणं म्हणजे दोरावर माणसाचं वजन येणं. ही उंबरदरा वाडीची भाषा.

"बोललात तर काय होईल?" मी विचारलं. तेव्हा मी पंचविशीच्या आतली होते आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची मला खोड होती.

"ध्यान जाईल. ध्यान गेलं की हात हलंल. हात हलला की दाजी गेला."

"आन् बुधा बसंल साहेबाच्या पाखरावानी मान वाकडी करून बघत," लहानू म्हणाला, आणि दोघंही हसले.

साहेब म्हणजे आमचे डॉक्टर टिल्लू, औषधाचे नव्हे, पक्ष्यांचे डॉक्टर. ते समोरच्या डोंगराच्या सोंडेवर दुर्बीण रोवून बसले होते. मधे दरी. तिथून त्यांना कड्याची सगळी छाती दिसायची, आणि हातातला पांढरा पंचा हलवून ते लहानूला डावीकडे जा, उजवीकडे जा, असं सांगणार होते. उंटावरून शेळ्या हाकायची सरांना सवयच होती. पक्ष्यांमागे घरदार विसरलेला माणूस. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणजे खरं तर पाण्याची बाटली, तिपाई आणि बोलणी वाहून नेणारी हमाल.

त्या कड्यावर शाहीन ससाण्याचं जोडपं होतं. कड्याच्या पोटात एक उभी भेग होती आणि तिच्यात वटवाघळांची वस्ती. रोज दिवेलागणीला वटवाघळं बाहेर पडायची, ओल्या लाकडाचा धूर कौलांतून निघावा तशी, आणि वरून ससाण्याची मादी पंख मिटून खाली यायची. सर ओरडायचे, "घेतलं! वटवाघूळ घेतलं! पाहिलंस?" मला कधी दिसायचं, कधी नुसती काळी रेघ दिसायची. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त सरांना मान्य नव्हती. हा ससाणा पिल्लांना वटवाघळं भरवतो असं त्यांनी एका सभेत सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "टिल्लूंना हल्ली कावळासुद्धा ससाणा दिसतो." लोक खो खो हसले. तेव्हापासून सरांना पुरावा हवा होता. ससाण्याच्या कपारीत वटवाघळांचे पंख पडलेले असणार, ते कोणीतरी उतरून आणायला हवे होते.

लहानू मात्र सरांसाठी उतरत नव्हता. त्याची बायको चांगुणा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. जन्मलेल्या मुलाच्या जिभेला पहिला मध लागतो तो बापानं कड्यावरून स्वतः आणलेला हवा, अशी वाडीची रीत. जाता जाता ससाण्याच्या कपारीत काय पडलंय ते पिशवीत भरून आणशील का, असं सरांनी विचारलं, आणि लहानू "आनतो की" म्हणाला. पाहुण्याला नाही म्हणायची तिथं पद्धत नव्हती.

दोर कोणी धरायचा याचीही रीत होती. तो बायकोच्या भावानंच धरायचा. मी लहानूला विचारलं होतं, "तुमचा सख्खा भाऊ आहे की वाडीत, तो का नाही?"

"भाऊ?" तो म्हणाला. "भावाची नी माजी बांधावरनं भांडनं. मी खाली गेलो तर जमीन त्येला. बायकूच्या भावाचं तसं न्हाय. मी मेलो तर त्येची बहीन रंडकी व्हनार. त्यो सोडंल व्हय दोर?"

त्या सकाळी निघताना चांगुणा अंगणात आली, एक हात कमरेवर ठेवून. तिनं उजव्या हातातली एक हिरवी बांगडी काढून भावाला द्यायची, आणि नवरा सुखरूप वर आला की भावानं ती परत तिच्या हातात भरायची, असं ठरलेलं. पण बांगडी निघेना. चांगुणानं मनगटाला गोडेतेल लावलं, डोळे मिटले, आणि ओढून काढली एकदाची.

"फुगलेत मेले हात," ती मला म्हणाली. "पाय पन. बाळंत झालं की उतरंल." मग नवऱ्याकडे वळली. "मध आना आन् सरळ घरी या. साहेबाच्या पाखरांच्या नादी लागू नगा."

"पाखरूच माज्या नादी लागलं तर?"

"तर त्येलाच घेऊन ऱ्हावा कड्यावर."

बुधा हसला. त्यानं बांगडी आपल्या पागोट्याच्या शेवात गुंडाळली, गाठ मारली आणि ओढून पाहिली. बाजाराचा दिवस होता, वाडीतले बापई भल्या पहाटे खाली उतरून गेले होते. मागे उरल्या होत्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि कोंबड्या. आमच्या मागून चांगुणा बराच वेळ तशीच उभी होती. मला ती फार आवडायची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, आणि माझ्याही नव्हतं, म्हणून असेल.

लहानूनं विडी विझवली, कमरेला डबा आणि पिशवी बांधली, ओल्या पाल्याची धुमसती चूड हातात घेतली, आणि काठावरून खाली सरकला. दोर ताठ झाला. अंजनीच्या सालीवर करकर वाजलं. बुधाच्या चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं. त्यानंतर तो माणूस राहिलाच नाही, झाडाचाच एक भाग झाला. खालून एक हिसका आला की दोर सैल द्यायचा, दोन आले की ओढून घ्यायचा. धरणाऱ्यानं आपणहून हिसका कधीच द्यायचा नाही. वरून हिसका आला तर खालचा समजायचा की दोर तुटतोय, आणि मिळेल त्या दगडाला चिकटायचा.

मी काठावर पालथी पडून खाली बघत होते. कडा मधेच पोटाशी आत गेलेला, त्यामुळे लहानू लवकरच दिसेनासा झाला. वरच्या हाका खाली पोचत नसत. वारा त्या दरीत उधळून द्यायचा. मला दिसायचा तो धूर, धुरातून चवताळून उठलेल्या माश्या आणि समोरच्या सोंडेवर सरांचा पंचा. थोड्या वेळानं सरांनी पंचा गोल फिरवला. मध मिळाला, अशी ती खूण होती. मी मनात म्हटलं, चला, एक काम झालं.

मग पंचा डावीकडे हलू लागला. ससाण्याची कपार डावीकडे होती. मादी आकाशात चिरकत घिरट्या घालत होती. खालून एक हिसका आला, बुधानं दोर दिला. परत एक, परत दिला. पंचा थांबला. म्हणजे लहानू कपारीवर पोचला.

तेवढ्यात मागे खडकावर काठी वाजली. टक, आणि मग पाय फरफटल्याचा आवाज. परत टक.

मी वळून पाहिलं. ठकूआत्या. बुधा आणि चांगुणाची ही सख्खी आत्या, एका पायानं अधू. आम्ही वाडीत राहत होतो तेवढ्या दिवसांत मी तिला ओट्याखाली उतरलेलीसुद्धा पाहिली नव्हती. ती त्या चढावरून आली होती. धापा टाकत होती, लुगडं घामानं भिजलेलं. माझ्याकडे तिनं पाहिलं, बुधाच्या पाठीकडे पाहिलं, त्याच्यापुढच्या ताठ दोराकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर दाबून होती तिथंच खाली बसली.

मला वाटलं, भाच्याची करामत बघायला आली असेल. मी जवळ जाऊन बाटली पुढे केली. तिनं मान हलवली. पाणी घेतलं नाही.

"काय आत्या, एवढ्या चढावर?" मी हळूच विचारलं.

तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले. नुसती दोराकडे बघत राहिली.

समोर सरांचा पंचा वर जाईल आणि 'वर या' अशी खूण होईल, असं मला वाटत होतं. तो गेला नाही. पंचा पुन्हा डावीकडे हलला. पहिल्या कपारीत त्यांना हवं ते मिळालं नव्हतं, आणि ते लहानूला पलीकडच्या कपारीवर पाठवत होते. खालून एक हिसका आला. बुधानं दोर दिला. म्हातारीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेव्हा मी तिला ओढत जरा लांब, करवंदीच्या जाळीमागे नेलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "आत्या, चांगुणा?"

तिनं मान डोलावली. मग माझ्या कानात बोलली, नुसत्या श्वासानं. "अडलीय. तुमी निघाल्यावर पोट दुखाया लागलं. पोर आडवं हाय. सुईन म्हनती, माज्या हातचं न्हाय, झोळी करून खाली दवाखान्यात न्या. वाडीत बापई मानूस एक न्हाय. हे दोघंच."

"मग बोलवा ना! बुधाला सांगा!"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "दोर भरल्याला हाय."

"अहो, पण..."

"त्येची पाठची बहीन हाय ती. सांगितलं तर त्येचा हात ऱ्हाईल व्हय जाग्यावर? लहानू जाईल, मग चांगुणा जगून काय करंल?" तिचे डोळे कोरडे होते. "म्हनून तर मी आले. पोराला धाडलं असतं तर लांबूनच वरडलं असतं."

आज इतक्या वर्षांनी मी याचा विचार करते तेव्हासुद्धा मला म्हातारीला मूर्ख म्हणवत नाही. तिच्या हिशेबात चूक कुठं होती? एक जीव दोराला होता आणि दुसरा घरात अडला होता. हातातला सोडून घरातला धरायचा, हे तिला जमणार नव्हतं, आणि मलाही जमलं नसतं. उरली होती एकच वाट, सरांची. त्यांनी पंचा वर केला असता तर लहानू आपणहून वर आला असता, कुणालाही काही न कळता.

मी काठावर उभी राहून दोन्ही हात हलवले. ओढणी काढून फडकवली. सर दुर्बिणीला डोळा लावून बसलेले. त्यांना जगात फक्त एक कपार दिसत होती. मी ओरडूही शकत नव्हते, मागे बुधा होता.

मग मी पळाले. सोंडेवर जायचं तर दरीला वळसा घालून जावं लागायचं, कारवीतून, निसरड्या वाळक्या गवतावरून. दोनदा पडले. गुडघे फुटले. पळताना मी सरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या जन्मात कुणाला दिल्या नसतील. मी धापा टाकत सरांपाशी पोचले.

"उल्का, अगं पंख! पंख आहेत!" सर दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले. "लहानूनं हात वर करून दाखवले मला. काळे, पडद्याचे. आता बोला म्हणावं लेको. त्याला म्हटलं, आणखी एक कपार..."

"सर, त्याला वर घ्या. चांगुणा अडलीय."

सरांनी मान वर केली. एवढंच सांगते की त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पंचा हातात घेऊन ते उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर ताणून धरले, आणि लहानू काठावर पोचेपर्यंत खाली केले नाहीत. माणूस हट्टी होता, पण दुष्ट नव्हता. तरी त्या दिवशी मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

मी परत अंजनीपाशी पोचले तेव्हा लहानू नुकताच वर आला होता. अंगावर माश्यांचे डंख, दाढीत मेण, डबा भरलेला. "लई गोड हाय, बाई," तो म्हणत होता. बुधानं कमरेचा दोर सोडला. त्याच्या खालच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं. ओढताना दात लागले असतील, असं मला वाटलं.

ठकूआत्या उठली. "चांगुणा अडलीय. पोर आडवं. झोळी करा," ती म्हणाली, आता मोठ्यानं, आणि मग तिनं पहिला हंबरडा फोडला.

लहानूच्या तोंडचं पाणी पळालं. "कवापासनं?" तो आत्याला विचारू लागला. बुधानं मात्र काही विचारलं नाही. दोर तिथंच टाकून तो उतारावर पळत सुटला होता. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही.

वाडीत पोचलो तर चांगुणाला शुद्ध होती. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. पुढे बुधा, मागे लहानू, बाजूनं मी पाण्याचा तांब्या घेऊन, मागून धडपडत सर. खाली दवाखान्यापर्यंतची वाट म्हणजे नुसता घाट. चांगुणा सुरुवातीला ओरडत होती, मग कण्हत होती. मधे तिनं मला ओळखलं. "मध आनला का त्यांनी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आणला. डबाभर." "मंग बरं," ती म्हणाली.

घाटाच्या निम्म्यावर एक पाणवठा आहे. तिथं तिला फिट आली, अंग ताठ झालं, डोळे फिरले. परत आली. मग श्वासच आला नाही. लहानू मागून म्हणत होता, "चल बुधा, चल, थांबू नगं," आणि बुधा चालत राहिला. आम्ही बरंच अंतर एका मेलेल्या बाईला दवाखान्यात नेत होतो. ते मला कळलं होतं, सरांना कळलं होतं. सांगायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी बुधाच थांबला. त्यानं बांबू हळूच खांद्यावरून उतरवला आणि म्हणाला, "दाजी, ठेव आता खाली."

वाडीत परतल्यावर सुईणीनं मूल मोकळं केलं. पोटात मूल तसंच ठेवून आईला नेऊ नये म्हणतात. मुलगा होता. पुरायच्या आधी लहानूनं डबा उघडला, करंगळी मधात बुडवली आणि त्याच्या ओठांना लावली. बायका ओरडल्या, "आरं, ह्ये काय करतूस?" त्यानं ऐकलं नाही. "बापानं आनल्याला हाय," तो म्हणाला. मी तिथून उठून मागच्या पडवीत गेले आणि रडले. इतकी आयुष्यात कधी रडले नाही.

सरांनी ती पिशवी उघडली नाही. पुण्याला येऊन महिन्याभरानं ती मीच उघडली. आत वटवाघळांचे पंख होते, वाळलेले, चिवट, पुष्कळ. सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे." त्यांनी त्यावर एक ओळ लिहिली नाही, डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेतलं नाही. लोक शेवटपर्यंत त्यांना हसत राहिले.

पुढच्या वर्षी मी एकटी उंबरदऱ्याला गेले. सर आले नाहीत. लहानू ओट्यावर बसलेला दिसला. मी हाक मारली तर त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. कुडाला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, जमीन पडीक टाकलेली. बायका म्हणाल्या, त्याची भाकरी दोन्ही वेळा बुधाच्या घरून येते. ती खातो, नाहीतर कुत्र्याला घालतो.

संध्याकाळी मी कड्यावर गेले. बुधा माझ्याबरोबर आला, मी बोलावलं नव्हतं. अंजनीच्या बुंध्यावर दोराचा वळ अजून होता. आम्ही काठापासून जरा लांब बसलो. दिवेलागण झाली, वटवाघळं निघाली, मादी खाली आली आणि एक घेऊन गेली. अगदी स्वच्छ दिसलं. बघायला सर नव्हते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "बुधादा, त्या दिवशी तुम्हाला काही कळलं नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं."

"कोन म्हनलं कळलं न्हवतं?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"ठकूआत्याची काठी मी वळखत न्हाय व्हय?" तो म्हणाला. "तिचा पाय मोडल्यापासनं ती कड्यावर आली न्हवती. ती त्या दिशी कशाला येईल? टक करून वाजली आन् मला कळलं. चांगुणाच."

"मग तुम्ही... मग बोलला का नाहीत? आत्या सांगायला घाबरत होती, तुमचा हात हलेल म्हणून. तुम्ही एक शब्द विचारला असतात तर मी तेव्हाच सरांकडे पळाले असते. मी किती वेळ तिथं नुसती उभी होते, बुधादा!"

"इचारलं असतं तर आत्याला रडू फुटलं असतं. हाका खाली जात न्हाईत, पर बाईचं रडनं जातं. दाजीनं ऐकलं असतं, त्यो कपारीवर. पाय सुटला असता. आत्याला वाटलं, मला कळू नये. मला वाटलं, मला कळलंय ते आत्याला कळू नये. बसलो मग दोघं."

त्याच्या ओठाला एक पांढरट वण होता. तो मला तेव्हा दिसला.

"मी दोर बघत व्हतो आन् मनात म्हनत व्हतो, तिचंच कुंकू धरलंय मी. ती घरात मरतीया, आन् मी तिचं कुंकू धरून बसलोय. सोडलं तर दोनी जातील. न्हाय सोडलं तर..."

खाली दरी काळी होत चालली होती. मी विचारलं, "लहानूदा असे किती दिवस राहणार?"

"दोनदा आला त्यो हितं, एकला. काठावर बसला. दोनी येळा मी मागनं येऊन बसलो. बोललो न्हाय. उठला आन् घरी गेला." बुधानं पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. शेवाची गाठ सोडली. आत हिरवी बांगडी होती, तशीच, अख्खी.

"दिली नाहीत परत?"

"तिला शेवटचं न्हाणताना घालाया गेलो. हात सुजल्याला, जाईना. जोर केला असता तर फुटली असती." तो ती बोटांत फिरवत होता. "परवा दाजी म्हनला, 'बुधा, ती बांगडी टाक नदीत. बहीन मेली, आता तुजा माजा काय संबंध? सोड मला.' मी म्हनलं, बांगडी माज्यापाशी हाय तवर दोर माज्या हातात हाय. तू अजून वर आला न्हाईस. येशील तवा सोडीन."

त्यानं बांगडी पुन्हा शेवात घातली आणि गाठ मारली. मग ओढून पाहिली, त्या सकाळी पाहिली होती तशीच.

"चला बाई," तो उठत म्हणाला. "त्येची जेवायची येळ झाली."